विद्यापीठाचं कार्बन उत्सर्जन कमी करायचं आहे: झाडं आणि सोलरच्या आधी काय पाहावं?

कोनशिला यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. विद्यापीठाच्या हवामान कृती आराखड्याचा मसुदा करण्याचं काम आमच्या समितीकडे आलं आहे. समितीत इस्टेट, म्हणजे इमारती आणि परिसर सांभाळणाऱ्या विभागाचे दोन अभियंते, विज्ञान शाखेचे तीन प्राध्यापक, वित्त विभागातले एकजण आणि विद्यार्थी प्रतिनिधी आहेत. परिसर मध्यम आकाराचा: तीसेक इमारती, त्यांतल्या सात प्रयोगशाळांच्या, शिवाय वसतिगृहं आणि एक छोटं डेटा सेंटर. विजेचं मुख्य मीटर एकच. इमारतीचं स्वतंत्र मीटर फक्त चार ठिकाणी.

आत्तापर्यंत यादीत आलंय ते असं: गच्चीवर सोलर, दहा हजार झाडं, सगळीकडे एलईडी, कागदविरहित कार्यालय, सायकली. यातलं काय खरोखर फरक पाडेल ते आकड्यांत मांडायचं आहे. मोजणी कुठून सुरू करावी? प्रयोगशाळांना हात लावायचा की संशोधनाला धक्का लागेल म्हणून त्या वगळायच्या? आणि हवामानावरचं संशोधन व परिसरातलं काम एकमेकांना जोडायचं तर नेमकं कसं? अनुभवी लोकांनी सविस्तर लिहावं, ही विनंती.

---

पंधरा_मिनिटं

यादीतली एकही गोष्ट चुकीची नाही, पण क्रम उलटा लागला आहे.

सर्वात आधी वीज कंपनीकडून मुख्य मीटरचा दर १५ मिनिटांचा डेटा मागवा. उच्चदाब जोडणीच्या मीटरमध्ये तो बहुतेक वेळा साठवलेला असतो, फक्त कुणी मागत नाही. वर्षभराचा मिळाला तर ३५,०४० नोंदी होतात. साध्या स्प्रेडशीटमध्ये मावतात. त्यात पहिल्यांदा एकच गोष्ट पाहा: रात्री २ ते ४ या वेळेतला भार. सुट्टीच्या दिवसांचा वेगळा काढा.

समजा दिवसाचा कमाल भार ९०० किलोवॉट आहे आणि रात्रीचा ४२०. वर्ग बंद, कार्यालयं बंद, मग हे ४२० किलोवॉट कोण खातंय? आराखड्याची सुरुवात या प्रश्नापासून करा. यातले १०० किलोवॉट कायमचे उतरवले तर १०० × ८,७६० तास, म्हणजे वर्षाला ८ लाख ७६ हजार युनिट वाचतात. वीजजाळ्याचा उत्सर्जन गुणांक युनिटला ०.७ किलो धरला (तुमच्या जाळ्याचा अधिकृत आकडा घ्या) तर साधारण ६१३ टन कार्बन डायऑक्साइड. एवढीच वीज सोलरमधून काढायची तर, किलोवॉटमागे वर्षाला १,४०० युनिट धरून, सव्वासहाशे किलोवॉटचा प्रकल्प आणि सहा हजार चौरस मीटरच्या वर गच्ची लागेल. झाडांनी भरून काढायचं तर एका वाढलेल्या झाडामागे वर्षाला २० किलो हा ढोबळ आकडा धरूनही तीस हजारांवर झाडं, तीही जगलेली आणि वाढलेली. झाडं जरूर लावा. सावली, जमिनीत मुरणारं पाणी, पक्षी ही कारणं भक्कम आहेत. फक्त ती उत्सर्जनाच्या हिशेबात वजाबाकी म्हणून मांडू नका.

रात्रीचा भार शोधायला क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणारं) घेऊन इस्टेटच्या माणसांबरोबर मध्यरात्रीनंतर पॅनलरूम फिरा. बहुतेक ठिकाणी हे सापडतं:

एएचयूच्या (इमारतीत हवा खेळवणाऱ्या यंत्राच्या) पॅनलवरचा हँड-ऑफ-ऑटो (हाताने, बंद, आपोआप) स्विच "हँड"वर असतो. कधीतरी दुरुस्तीच्या वेळी फिरवला आणि तसाच राहिला. टायमर मग कितीही नीट लावा, पंखा चोवीस तास चालतो.

व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारी उपकरणं) बसवलेले असतात, पण ५० हर्ट्झवर खिळवलेले. पंख्याची वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणून ४० हर्ट्झवर आणलं तर ०.८ चा घन ०.५१२, म्हणजे जवळपास अर्धी वीज. यासाठी नवीन काही विकत घ्यावं लागत नाही. फक्त वेग उतरवल्यावर शेवटच्या खोलीपर्यंत हवा पोचते का ते मोजून पाहा.

चिल्ड वॉटरचे (एसीसाठी थंड केलेल्या पाण्याचे) दोन पंप समांतर चालू असतात, जिथे रात्री एक पुरतो. आणि एखाद्या एकाच खोलीसाठी, सर्व्हर किंवा सूक्ष्मदर्शकाच्या, अख्खा मध्यवर्ती चिलर (ते पाणी थंड करणारं यंत्र) रात्रभर चालतो. त्या खोलीला स्वतंत्र लहान यंत्र दिलं की चिलर बंद ठेवता येतो. एवढ्या एका बदलाने भाराचा आलेख खाली बसलेला स्पष्ट दिसतो.

आता हिशेबाचं. जीएचजी प्रोटोकॉल या हरितगृह वायूंच्या हिशेबाच्या पद्धतीप्रमाणे तीन स्कोप (गट): पहिला, परिसरात जळणारं इंधन आणि एसी-फ्रिजमधून गळणारा शीतक वायू, दुसरा, विकत घेतलेली वीज, तिसरा, खरेदी, प्रवास, ये-जा, बांधकाम वगैरे. पहिल्या स्कोपमध्ये डिझेल सगळे धरतात, लिटरला २.६८ किलो, पण शीतक वायू सुटतो. आर-४१०ए या शीतक वायूचा तापमानवाढीचा गुणांक (तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या किती पट) सुमारे २,०००, आर-४०४ए चा सुमारे ३,९००. वर्षभरात १२ किलो आर-४१०ए नव्याने भरला असेल तर तो कुठेतरी गळूनच गेलेला आहे: २४ टन, म्हणजे जवळजवळ ९,००० लिटर डिझेल जाळल्यासारखं. एसी दुरुस्तीच्या बिलांवर "गॅस भरला" एवढंच लिहिलेलं असतं, किलो लिहिलेले नसतात. पुढच्या देखभाल करारात "प्रत्येक भरणीला वायूचं नाव आणि वजन लिहिल्याशिवाय बिल मंजूर नाही" ही एक ओळ घाला. विद्युत उपकेंद्रातल्या स्विचगिअरमध्ये (वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या उपकरणांत) सल्फर हेक्साफ्लोराइड असेल तर तोही नोंदवा. त्याचा गुणांक सुमारे २३,५०० आहे.

---

सॅश_खाली

प्रयोगशाळा वगळू नका. तुमच्या सात इमारतींतच वरच्या ४२० किलोवॉटचा मोठा वाटा असणार. संशोधनाला धक्का न लावता इथे पुष्कळ करता येतं, पण कशाला हात लावायचा आणि कशाला नाही हे माहीत हवं.

फ्यूम हूड, म्हणजे घातक वाफा बाहेर ओढणारं कपाट, त्यापासून सुरू करू. सॅशची (हूडच्या वर-खाली सरकणाऱ्या काचेची) उघडी जागा १.५ मीटर रुंद, ०.७ मीटर उंच, हवेचा वेग सेकंदाला ०.५ मीटर. म्हणजे सेकंदाला ०.५२५ घनमीटर, तासाला सुमारे १,९०० घनमीटर हवा बाहेर. एवढीच बाहेरची हवा आत घेऊन थंड आणि कोरडी करावी लागते. बाहेर उष्ण-दमट असेल आणि एन्थाल्पीतला (हवेतली उष्णता आणि ओलावा मिळून असलेल्या ऊर्जेतला) फरक किलोला ४० किलोज्यूल धरला तर एका हूडसाठी २४ किलोवॉट शीतकरण, जवळपास ७ टनांचा एसी. थंड हवामानात हीच गोष्ट तापवण्याच्या बाजूने लागू होते. हूडच्या पंख्याची वीज यापुढे किरकोळ.

म्हणून "काम झालं की सॅश खाली" ही मोहीम अनेक ठिकाणी चालते. हार्वर्डच्या रसायनशास्त्र विभागात तर विद्यार्थ्यांच्या गटांत स्पर्धा लावून चालवली गेली. पण मोहिमेचे स्टिकर छापण्याआधी एक तपासा: तुमचे हूड बदलत्या प्रवाहाचे आहेत की स्थिर प्रवाहाचे? स्थिर प्रवाहाच्या हूडमध्ये सॅश खाली केली की हवा वरच्या बायपास जाळीतून जाते, एकूण प्रवाह तेवढाच राहतो. सुरक्षिततेसाठी सॅश तरीही खालीच हवी, पण विजेची बचत शून्य. बिल का उतरलं नाही म्हणून लोक हिरमुसतात, त्याचं कारण बऱ्याचदा हेच.

ओळखायची युक्ती: सॅश पूर्ण उघडी आणि मग जवळजवळ बंद, अशा दोन्ही वेळी हूडवरच्या डक्टमधला वेग मोजा. फरक नसेल तर हूड स्थिर प्रवाहाचा. अशा ठिकाणी पर्याय दोन: नियंत्रण बदलणं, किंवा वापरात नसलेले हूड रिकामे करून, डॅम्पर (हवेची झडप) बंद करून, "बंद" अशी पाटी लावून अधिकृतपणे बाद करणं. दुसरा पर्याय स्वस्त आहे आणि आश्चर्य वाटेल इतके हूड निव्वळ बाटल्या ठेवायला वापरले जातात. मात्र हूड बाद केल्यावर खोलीत आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा पुन्हा जुळवून घ्या. प्रयोगशाळा मार्गिकेच्या मानाने किंचित ऋण दाबात राहायला हवी. नाहीतर बाष्प मार्गिकेत येतं. सुरक्षा अधिकाऱ्याच्या सहीशिवाय यातलं काहीही करू नका.

खोलीतली हवा तासाला किती वेळा बदलते तेही पाहा. जुन्या इमारतींत १० ते १२ वेळा, दिवसरात्र. धोक्याचं मूल्यमापन करून माणसं असताना ६ आणि रात्री ४ वर येणं अनेक प्रयोगशाळांत शक्य असतं. किरणोत्सर्गी, जैवसुरक्षा किंवा विषारी वायूंच्या खोल्या या बदलातून बाहेर ठेवा.

मग डीप फ्रीझर. उणे ८० अंशांचा जुना फ्रीझर दिवसाला २० युनिट सहज घेतो, नवा कार्यक्षम ७ ते १० मध्ये भागवतो. नवीन घेण्याआधी फुकटातल्या गोष्टी करा: कंडेन्सरची जाळी दर तीन महिन्यांनी साफ करणं, दाराच्या रबरावरचा बर्फ काढणं, मागे भिंतीपासून किमान वीतभर जागा, आणि नमुन्यांची यादी दारावर, म्हणजे दार उघडं ठेवून शोधाशोध होत नाही. शिवाय तापमान उणे ८० ऐवजी उणे ७० ठेवलं तर सुमारे ३० टक्के वीज वाचते आणि कॉम्प्रेसरचं आयुष्य वाढतं. कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर परिसरातल्या प्रयोगशाळांनी उणे ७० ला वर्षानुवर्षं टिकलेल्या नमुन्यांची यादीच केली आहे.

---

पेशीभित्तिका

सॅश_खाली यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून एक सावधगिरी. उणे ७० हे डीएनए, प्रथिनं, जिवाणूंचे ग्लिसरॉल साठे, बहुतेक ऊती यांना चालतं. पण वैद्यकीय चाचण्यांचे नमुने, ज्यांच्या करारातच उणे ८० लिहिलेलं असतं, ते हलवू नका. एका नोंदीतल्या फरकावरून अख्खा संच बाद ठरू शकतो. दुसरं, उणे ७० वर वीज गेली तर दुरुस्तीला मिळणारा वेळ कमी होतो. म्हणून आधी अलार्मची मर्यादा बदला आणि तो फोनवर पोचतो का ते तपासा, मग तापमान बदला. फ्रीझर अर्धा रिकामा असेल तर मोकळ्या जागेत पाण्याच्या बाटल्या ठेवल्या की तापमान हळू चढतं, पण त्या एकदम भरू नका, रोज दोन-चार अशा घाला. नाहीतर शेजारचे नमुने गरम होतात.

आणि विभागप्रमुखांना उद्देशून परिपत्रक काढू नका. प्रत्येक गटात फ्रीझरची किल्ली ज्याच्याकडे असते त्या तंत्रज्ञाला किंवा पीएचडीच्या विद्यार्थ्याला समितीत घ्या. नमुना कुणाचा, कधीचा, टाकायचा का ठेवायचा, हे त्यालाच माहीत असतं.

---

कोनशिला

खूप आभार. बायपासचा मुद्दा आमच्या डोक्यातही आला नव्हता. इमारतनिहाय मीटर बसवायचे ठरले तर कुठे फसतं? आणि संशोधनाच्या जोडणीबद्दल कुणी लिहील का? प्राध्यापक मंडळींचा प्रश्न साधा आहे: यातून शोधनिबंध निघणार का?

---

रिग्रेशन_रेषा

शोधनिबंध निघेल, पण डेटा विश्वासार्ह असेल तरच. म्हणून दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकत्रच देतो.

सबमीटरमध्ये (इमारतनिहाय मीटरमध्ये) चुका होतात त्या बहुतेक सीटीच्या, म्हणजे मोठा प्रवाह मीटरसाठी लहान करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या. सीटी २००/५ चा (२०० अँपिअरचे ५ करणारा) आणि मीटरमध्ये १००/५ भरलेलं असेल तर वाचन निम्मं येतं, आणि ते निम्मं आहे हे आलेख पाहून कळत नाही, कारण आकार बरोबर असतो. सीटी उलटा बसला तर त्या फेजची शक्ती ऋण येते आणि तिन्हींची बेरीज एक तृतीयांशावर उतरते. आर फेजच्या व्होल्टेजला वाय फेजचा सीटी जोडला गेला तर पॉवर फॅक्टर (प्रत्यक्ष कामी आलेल्या विजेचं प्रमाण) विचित्र दिसतो, ०.३, कधी ऋण. म्हणून बसवल्याच्या दिवशीच प्रत्येक फेजची शक्ती आणि पॉवर फॅक्टर वेगवेगळे लिहून घ्या, क्लॅम्प मीटरशी ताडा. सगळे मीटर बसल्यावर त्यांची बेरीज मुख्य मीटरच्या ५ टक्क्यांच्या आत यायला हवी. नाही आली तर एखादा फीडर (वीज नेणारी लाइन) सुटलाय किंवा गुणांक चुकलाय. आणि जिवाशी संबंधित गोष्ट: चालू तारेवरच्या सीटीची दुय्यम बाजू कधीही उघडी सोडायची नाही, तिथे प्राणघातक व्होल्टेज तयार होतं. मीटर काढण्याआधी ती शॉर्ट करायची. हे काम परवानाधारक माणसाचंच.

डेटाच्या बाजूने: सगळ्या मीटरची घड्याळं एका सर्व्हरशी जुळलेली हवीत, आणि साठवायची ती एकत्रित युनिटची नोंद, क्षणिक किलोवॉट नव्हे. नेटवर्क तासभर तुटलं तरी एकत्रित नोंदीतून वापर काढता येतो. क्षणिक नोंदी गेल्या त्या गेल्याच.

आता संशोधन. बचत मोजायची योग्य पद्धत म्हणजे बदलाआधीच्या १२ महिन्यांच्या वापराचं बाहेरच्या तापमानावर आणि सत्राच्या दिवसांवर रिग्रेशन करायचं (म्हणजे त्यांच्यासोबत वापर कसा बदलतो त्याचं सूत्र काढायचं), आणि बदलानंतर त्या सूत्राने "काहीच केलं नसतं तर किती लागली असती" ते काढायचं. फरक म्हणजे बचत. गेल्या वर्षीच्या बिलाशी थेट तुलना केली तर थंड वर्षात फुकटचं श्रेय मिळतं आणि उष्ण वर्षात चांगलं काम बुडतं. बदल सगळ्या इमारतींत एकदम करू नका. सातपैकी चार प्रयोगशाळांत आधी, तीनमध्ये सहा महिन्यांनी, आणि कोणत्या आधी ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. मग तुलनेला गट मिळतो. शोधनिबंध इथे आहे: अभियांत्रिकीला नियंत्रणाचा, संख्याशास्त्राला पद्धतीचा, मानसशास्त्राला वर्तनाचा, अर्थशास्त्राला खर्चवाटपाचा. विजेचं बिल केंद्रातून भरलं जातं, त्यामुळे विभागाला वापर कधी दिसतच नाही. विभागाला नुसता आकडा दाखवला तर वापर बदलतो का, की पैसेही त्यांच्या खात्यातून जावे लागतात, हा प्रश्न तुमच्याच परिसरात तपासता येतो.

इथे हमखास चुकतं ते असं. पदव्युत्तर प्रकल्प सहा महिन्यांत संपतो, विद्यार्थी जातो, सेन्सरचा पासवर्डही त्याच्याबरोबर जातो. म्हणून डेटाची मालकी इस्टेट किंवा ग्रंथालयाकडे द्या, एकाच प्राध्यापकाकडे नको. प्रत्येक सेन्सरचं ठिकाण, कॅलिब्रेशनची (अचूकता तपासून जुळवल्याची) तारीख, गुणांक यांची नोंदवही ठेवा. आणि इस्टेटच्या एका अभियंत्याच्या कामाच्या वेळेतला ठरावीक हिस्सा संशोधनासाठी लेखी राखून ठेवा. हा शेवटचा मुद्दा सर्वात जास्त टाळला जातो. अभियंत्याला सहलेखक करा. काम त्याचंही असतं.

दीर्घकाळ मोजत राहणं कमी प्रतिष्ठेचं समजलं जातं, म्हणून एक उदाहरण देतो. अमेरिकेतल्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेच्या चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाई बेटावरच्या मौना लोआ या ज्वालामुखीवर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली, तेव्हा तो दशलक्षात ३१३ भाग होता. आता ४२० च्या पुढे गेलाय. १९६४ मध्ये निधी आटल्याने काही महिने मोजणी थांबली, आणि जगातल्या सर्वात महत्त्वाच्या आलेखातली ती फट आजही भरता येत नाही. तुमच्या परिसरातलं हवामान केंद्र, विहिरींची पातळी, मातीतला कार्बन हे सलग ३० वर्षं मोजत राहणं विद्यापीठालाच जमू शकतं. तीन वर्षांच्या अनुदानावर चालणाऱ्या प्रकल्पाला ते झेपत नाही. सेन्सर एकदाच घ्यायचा असतो. कॅलिब्रेशन आणि माणसाचा पगार दरवर्षी लागतो. अंदाजपत्रकात त्यासाठी कायमचं शीर्षक हवं.

---

फिरता_निधी

वित्त विभागाच्या सहकाऱ्यासाठी थोडं. पहिल्या वर्षीच्या बचतीचे पैसे सर्वसाधारण खात्यात विरघळले की दुसऱ्या वर्षी कामाला निधी नसतो. वेगळा फिरता निधी करा: त्यातून व्हीएफडी, मीटर, फ्रीझर बदलायचे, आणि मोजलेल्या बचतीतून मुद्दल फिटेपर्यंत पैसे परत त्याच निधीत. हार्वर्डमध्ये असा निधी वीसेक वर्षांहून अधिक काळ चालला आहे. परतफेड मोजलेल्या बचतीवरच हवी, कागदावरच्या अंदाजावर नको; म्हणून मीटर आधी.

"अमुक सालापर्यंत कार्बन न्यूट्रल" अशी घोषणा मसुद्यात घालण्याआधी कॅलिफोर्निया विद्यापीठाचं पाहा. २०१३ मध्ये त्यांनी २०२५ चं लक्ष्य जाहीर केलं. ते गाठायला मोठ्या प्रमाणावर ऑफसेट (दुसरीकडे झालेल्या उत्सर्जन कपातीचं श्रेय) विकत घ्यावे लागणार होते. २०२३ मध्ये त्यांनी धोरण बदललं: २०४५ पर्यंत प्रत्यक्ष उत्सर्जनात किमान ९० टक्के कपात. तुम्ही थेट दुसऱ्या पद्धतीने लिहा, टनांत आणि टप्प्यांत. सोलर बसवून त्याची हरित प्रमाणपत्रं विकणार असाल तर ती वीज स्वतःच्या हिशेबात शून्य धरता येत नाही. एकच टन दोघांच्या वहीत जातो.

प्रवासाचं थोडक्यात: १४,००० किलोमीटरच्या जाऊन-येऊन विमानप्रवासाला इकॉनॉमीत माणशी साधारण दोन टन, बिझनेस वर्गात जागेच्या हिशेबाने जवळपास तिप्पट. विभागनिहाय यादी काढली की थोड्याच लोकांच्या नावावर बरेच टन दिसतात. कपात तिथून करा. पहिल्यांदाच परिषदेला निघालेल्या संशोधकाची वारी कापू नका.

आणि नवीन इमारतीचा प्रस्ताव समितीकडे येत नसेल तर तो आणवून घ्या. एका नव्या प्रयोगशाळा इमारतीचं सिमेंट, पोलाद आणि पुढच्या ५० वर्षांची वीज मिळून तुमच्या एलईडीची सगळी बचत पुसून टाकू शकते. आधी खोल्यांचं वेळापत्रक काढा, तासागणिक किती खोल्या भरलेल्या असतात ते प्रत्यक्ष मोजा, नोंदणीवर जाऊ नका. नोंदणीत भरलेली खोली प्रत्यक्षात रिकामी असते, हे जागावापराच्या मोजणीत नेहमी दिसतं.

---

पंधरा_मिनिटं

डेटा सेंटर राहिलं. सर्व्हरच्या पुढच्या बाजूने आत जाणारी हवा १८ ते २७ अंश चालते, ॲश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची शिफारसच तशी आहे. बहुतेक खोल्या १८ ला गोठवून ठेवलेल्या असतात. एकदम २५ करू नका. आधी रॅकमधल्या रिकाम्या खणांना झाकणं लावा, म्हणजे मागची गरम हवा पुढे येत नाही. मग आठवड्याला एक अंश चढवा आणि सर्वात वरच्या सर्व्हरच्या पुढचं तापमान पाहा. गरम हवा आधी तिथे पोचते. पंखे वेगाने फिरायला लागून सर्व्हरचीच वीज वाढायला लागली की एक अंश मागे या आणि तिथे थांबा.

---

कोनशिला

उद्या १५ मिनिटांच्या डेटासाठी वीज कंपनीला पत्र जातंय, आणि शीतक वायूच्या वजनाची अट देखभाल कराराच्या नूतनीकरणात घालायला सांगितलं आहे. हूड किती आणि त्यांतले स्थिर प्रवाहाचे किती, ही मोजणी दोन तंत्रज्ञांकडे दिली. रात्री २ ते ४ चा आकडा हाती आला की इथेच टाकते. सुट्टीच्या दिवसाचा वेगळा काढून.